एम१ की एम२? सत्तावीस हजारांचा हिशोब

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम१ मॅकबुक एअरची भारतातली सुरुवातीची किंमत होती ९२,९०० रुपये. २०२२ मध्ये एम२ आला, १,१९,९०० रुपयांना. दोन्हींत आठ कोअरचा प्रोसेसर, दोन्हींत ८ जीबी रॅम, दोन्हींत पंखा नाही. मग वरचे सत्तावीस हजार कशाचे?

पडदा १३.३ऐवजी १३.६ इंचांचा, कॅमेरा ७२०पीऐवजी १०८०पी, चार्जिंगला मॅगसेफ. वजनात पन्नास ग्रॅमची बचत. ती खांद्याला कळायचीही नाही! प्रोसेसर सुमारे १८ टक्के वेगवान, असं ॲपल सांगतं.

खरी गोम स्टोरेजमध्ये आहे. एम१च्या २५६ जीबी मॉडेलमध्ये १२८ जीबीच्या दोन चिप असायच्या, त्यामुळे डेटा एकाच वेळी दोन्हींतून वाचला जाई. एम२च्या २५६ जीबी मॉडेलमध्ये एकच चिप बसवली आणि वाचनाचा वेग जवळपास निम्म्यावर आला. मेल, मराठी टायपिंग, यूट्यूब यांत फरक जाणवत नाही. पण ढीगभर टॅब उघडे ठेवून कुणी फोटो एक्सपोर्ट करू लागला की ८ जीबी रॅम भरते, लॅपटॉप स्टोरेजचा आधार घेतो आणि महागडा एम२ तिथे मागे पडू शकतो.

एम२ची ५१२ जीबी आवृत्ती या दुखण्यातून सुटली.

ऑक्टोबर २०२४ पासून ॲपलने एअरची किमान रॅम १६ जीबी केली. त्यामुळे आज जुना एअर घेणाऱ्याने चिपच्या आकड्याआधी रॅम आणि स्टोरेज तपासावं. ८/२५६च हवा असेल, तर स्वस्तातला एम१ बरा.