पोकळीतून प्रकाश काढणारा आरसा

पोकळी खरंच रिकामी नसते, हे आपण वाचलेलं असतं. पण तिच्यातून कुणी मोजता येईल असा प्रकाश बाहेर काढलाय, हे कळलं तेव्हा मी हातातलं काम टाकून तो शोधनिबंध वाचत बसलो.

१९७० साली जेराल्ड मूर यांनी गणितानं दाखवलं होतं, की आरसा प्रचंड वेगानं हलवला तर पोकळीतून फोटॉन निर्माण होतील. पण खरा आरसा प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करणार कसा? स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या गटानं २०११ मध्ये फार सुंदर वाट काढली. आरसा हलवायचाच नाही! अतिवाहक तारेच्या टोकाला ‘स्क्विड’ बसवायचं. स्क्विड म्हणजे ॲल्युमिनियमचं इवलंसं कडं, दोन जागी ऑक्साइडच्या अतिपातळ थरानं तोडलेलं. त्यातलं चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेची विद्युत लांबी बदलते, आणि सूक्ष्मलहरींच्या लेखी आरसाच सरकतो. तोही सेकंदाला हजार कोटींहून जास्त वेळा, प्रकाशाच्या वेगाच्या २५ टक्क्यांपर्यंत!

बाहेर पडणारे फोटॉन जोडीनं येतात. दोघांच्या वारंवारतांची बेरीज नेमकी आरशाच्या वारंवारतेइतकी भरते. म्हणजे प्रत्येकी साधारण ५ गिगाहर्ट्झ, आपल्या घरच्या वाय-फायच्याच पट्ट्यात.

मात्र हे सगळं निरपेक्ष शून्यापासून अंशाच्या काही शतांशांवर करावं लागतं. खोलीच्या तापमानाला याच वारंवारतेचे हजारावर उष्णताजन्य फोटॉन असतात. त्या गर्दीत पोकळीतून आलेली जोडी ओळखणं अशक्य.