नळीची पारख

अमेरिकेत एआर-१५ घराण्यातली रायफल हातात घेतली आणि दोन पिना ढकलल्या, की तिचे दोन भाग होतात. खालच्या भागात चाप, मॅगझिनची खोबण आणि मागे दस्ता. वरच्या भागात, म्हणजे ‘अपर’मध्ये, बाकीचं सगळं: नळी, काडतूस बसतं ते चेंबर, ते बंद करणारा बोल्ट आणि बोल्टला मागे ढकलणारी वायूची बारीक नलिका. तिथला कायदा बंदूक मानतो ती खालच्या भागाला. अनुक्रमांक त्याच्यावर, नोंदही त्याचीच. वरचा भाग कायद्याच्या लेखी नुसता सुटा भाग. प्रत्यक्षात दारू पेटते, दाब पेलला जातो आणि गोळीला दिशा मिळते ती या वरच्या भागात.

यूजीन स्टोनरने या रायफलीच्या वायूयंत्रणेचं घेतलेलं पेटंट १९७७ मध्ये संपलं. तोवर कोल्ट कंपनीकडे असलेली ही रचना मग कोणालाही बनवता येऊ लागली. आज तिथे लहानमोठे असंख्य कारखाने अपर बनवतात. किमतीत दुपटी-तिपटीचा फरक असतो, पण टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच काळेभोर. या रायफलीवरून त्या देशात कडवा वाद आहे. सामूहिक हत्याकांडांत ती वारंवार दिसली आहे. भारतात सर्वसामान्य परवानाधारकाच्या हाती ती येत नाही. तरी तिची पारख कशी होते हे कळून घेण्याजोगं आहे, कारण ज्या वस्तूचा सगळा गुण आत दडलेला असतो तिला जोखायचं कसं, हा प्रश्न इथे अगदी उघडा पडतो.

ॲल्युमिनियम चालतं, कारण…

.२२३ काडतुसासाठी अमेरिकी उद्योगाने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा आहे ५५,००० पौंड प्रति चौरस इंच. मोटारीच्या टायरमध्ये आपण ३०-३५ पौंड हवा भरतो. हा दाब टिकतो क्षणभरच, पण प्रत्येक गोळीला, हजारो वेळा. मग अपरचा सांगाडा ॲल्युमिनियमचा कसा चालतो?

खुबी स्टोनरच्या मांडणीत आहे. नळीच्या मागच्या टोकाला पोलादाचा एक कॉलर आट्यांनी घट्ट बसवलेला असतो, त्याला बॅरल एक्स्टेन्शन म्हणतात. बोल्टच्या डोक्यावरचे दाते त्यात शिरून फिरतात आणि अडकतात. पोलाद पोलादात अडकलं की दाबाचं वर्तुळ तिथेच पुरं होतं. सांगाड्यावर तो भार येतच नाही. त्याचं काम नळी, बोल्ट आणि नेमसाधनं एका रेषेत धरून ठेवायचं. म्हणून अपर जोखताना विचारायचं ते ‘किती मजबूत’ एवढंच नव्हे, तर ‘किती सरळ’.

हलकेपणाच्या हौसेत ही मर्यादा ओलांडली की काय होतं, ते आर्मालाइट कंपनीने सुरुवातीलाच पाहिलं. ही कंपनी फेअरचाइल्ड या विमान कारखान्याची शाखा. विमानातले धातू बंदुकीत आणायचे हा तिचा ध्यास. एआर-१५ ची थोरली बहीण एआर-१० हिला स्टोनरचा विरोध डावलून पोलादाच्या अस्तरावर ॲल्युमिनियम चढवलेली मिश्र नळी बसवली गेली. १९५७ च्या सुरुवातीला स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या कसोटीत ती फुटली. कंपनी मुकाट्याने पोलादाकडे वळली, पण लष्करी स्पर्धेतली संधी गेली ती गेलीच.

क्रोमची काटकसर

दुसरा धडा महागात पडला आणि त्याची किंमत सैनिकांनी मोजली. १९६० च्या दशकात एआर-१५ ही एम-१६ होऊन व्हिएतनामला गेली. तिच्याआधीच्या एम-१४ रायफलीच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा होता. पॅसिफिकच्या दमट बेटांवर दुसरं महायुद्ध लढलेल्या सैन्याला गंजाचा पुरता अनुभव होता. तरीही एम-१६ च्या तपशिलात ना चेंबरला क्रोम होतं, ना नळीला. त्यात काडतुसातली दारू बदलली. रायफल ज्या दारूवर विकसित झाली होती ती काडीसारख्या कणांची. नंतर आली ती गोल कणांची, जास्त राख सोडणारी आणि यंत्रणेचा वेग वाढवणारी. वर ‘हिला साफसफाई फारशी लागत नाही’ असा समज पसरलेला आणि सफाईचं साहित्य अपुरं.

दमट हवेत चेंबरच्या भिंतीला बारीक खड्डे पडले. झाडलेली पुंगळी फुगून त्या खड्ड्यांत रुतायची आणि बोल्ट तिला ओढू शकत नसे. ऐन चकमकीत सैनिक नळीच्या तोंडातून सफाईची कांब घालून पुंगळी ठोकून बाहेर काढत. १९६७ मध्ये खासदार रिचर्ड इकॉर्ड यांच्या उपसमितीने या सगळ्याची चौकशी केली आणि लष्कराच्या व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले. चेंबरला क्रोम आलं, काही वर्षांत सगळ्या नळीला आलं, सफाईचं साहित्य पोचलं आणि तीच रायफल भरवशाची ठरली.

त्या नळ्या तपासणीत नापास झालेल्या नव्हत्या. तपशिलाबरहुकूम त्या उत्तम होत्या. तपशीलच चुकला होता. पारख करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

सांगाडा: डोळ्यांना दिसणारं

चांगल्या अपरचा सांगाडा ७०७५-टी६ या ॲल्युमिनियमचा असतो. हा जस्ताचा अंश असलेला, उष्णतेने कडक केलेला विमानी मिश्रधातू. तो फोर्जिंग करून, म्हणजे तापवून साच्यात दाबून, मग यंत्रावर कोरून काढतात. ठोकळ्यातून सबंध कोरलेला, ‘बिलेट’ म्हणून विकला जाणारा सांगाडा दिसायला देखणा आणि महाग, पण देखणेपणामुळे तो अधिक बळकट होत नाही. फोर्जिंग करणाऱ्या भट्ट्या तिथे मोजक्याच आहेत. अनेक नाममुद्रांचे कच्चे तुकडे त्याच भट्ट्यांतून येतात, आणि सांगाड्यावर कोपऱ्यात उठवलेली बारीक खूण पाहून जाणकार भट्टी ओळखतात. फरक पडतो तो पुढच्या कोरीवकामात.

पाहायचं काय? नळी जिथे टेकते तो सांगाड्याचा पुढचा चेहरा बोल्टच्या मार्गाशी काटकोनात आहे का. बॅरल एक्स्टेन्शन आत बसताना डुगडुगतं का. काही कारखाने ही जागा मुद्दाम इतकी तंग ठेवतात की सांगाडा तापवल्याशिवाय नळी आत जात नाही. काडतूस वर चढतं ती उतरण सांगाड्यात आणि एक्स्टेन्शनमध्ये सलग जुळते का, की मध्ये पायरी राहते. त्या पायरीवर गोळीचं टोक अडतं. नळी आवळणारा नट ३० ते ८० फूट-पौंडांच्या दरम्यान कसलेला असावा लागतो, आणि कसून झाल्यावर वायूची नलिका त्याच्या दात्यांमधून कुठेही न घासता सरळ जायला हवी. ती वाकडी असेल तर बोल्ट पुढे येताना दर वेळी तिच्यावर आपटतो. पुढचं नेमसाधन एका बाजूला कललेलं असेल, तर मागून नुसतं पाहिलं तरी दिसतं; ते बसवताना झालेली घाई आत आणखी कुठे झाली असेल, याचा अंदाज तिथूनच बांधता येतो.

नळी: डोळ्यांना न दिसणारं

लष्करी नळीचं पोलाद ४१५० प्रतीचं: क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम असलेलं. व्यापारी नळ्यांत ४१४० चालतं, त्यात कार्बन थोडा कमी. सावकाश नेमबाजी करणाऱ्याला हा फरक जन्मभर जाणवणार नाही. सलग झाडून नळी लाल करणाऱ्याला जाणवेल. स्पर्धेच्या नळ्या बहुधा स्टेनलेस पोलादाच्या आणि बिनक्रोमच्या. क्रोम झीज आणि गंज रोखतं, पण त्याचा थर सगळीकडे तंतोतंत सारखा बसत नाही आणि अचूकतेत थोडी घट येते. आयुष्य हवं की अचूकता, हे आधी ठरवावं लागतं. त्यानंतरच ‘चांगली नळी’ या शब्दांना अर्थ येतो.

नळीच्या आतल्या खाचांचा पीळ गोळीला फिरवतो आणि ती फिरती गोळीच सरळ जाते. एआर-१५ चा पहिला पीळ १४ इंचांत एक फेरा असा होता. थंड, दाट हवेत गोळी डळमळते म्हणून तो १२ इंचांत एक झाला. १९८० च्या दशकात जड गोळी आणि लांब ट्रेसर आली, तेव्हा ७ इंचांत एक. पीळ बरा की वाईट हे गोळीवर ठरतं, त्यामुळे नुसता आकडा पाहून नळीला नावं ठेवता येत नाहीत.

नळी सरळ आहे का, हे तपासायची जुनी रीत पाहण्यासारखी होती. कारागीर नळी डोळ्याला लावून खिडकीतल्या आडव्या पट्टीकडे धरायचा. पट्टीची सावली आतल्या चकचकीत भिंतीवर लांब रेघ होऊन पडते. रेघ सलग दिसली तर नळी सरळ. कुठे मोडली, फुगली तर नेमकी तिथे वाकलेली. मग दाब देऊन ती सरळ करायची, पुन्हा पाहायचं. आज हवेच्या दाबाने व्यास मोजणारे गेज आणि नळीत घालायचा बोअरस्कोप आहे. बोअरस्कोपचा एक तोटा मात्र अनुभवी लोक हमखास सांगतात: तो प्रत्येक ओरखडा डोंगराएवढा दाखवतो आणि उत्तम नेम देणारी नळीही भेसूर दिसते.

चेंबरसाठी गो आणि नो-गो गेज असतात. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. नळीवर ५.५६ लिहिलंय की .२२३, हेही पाहायचं. दोन्ही काडतुसं बाहेरून जवळपास सारखी, पण ५.५६ च्या चेंबरपुढे गोळीला मोकळी जागा जास्त असते. तंग .२२३ चेंबरमध्ये लष्करी काडतूस झाडलं तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

पोलादातली बारीक चीर ओळखायला आधी जादा दाबाचं काडतूस झाडतात, मग नळी आणि बोल्ट चुंबकित करून लोहकणांचा चमकता द्रव सोडतात. चीर असेल तिथे कण गोळा होतात आणि जंबुपार प्रकाशात ती रेघ उजळते. पुणे-चाकण पट्ट्यात क्रँकशाफ्ट तपासणाऱ्यांना ही परीक्षा ‘मॅग्नाफ्लक्स’ या नावाने पाठ असेल. उत्तीर्ण भागावर ‘एमपी’ अशी खूण मारतात. प्रश्न एवढाच, की प्रत्येक नग तपासला की शंभरातला एखादा. खुणेवरून ते कळत नाही.

सगळ्यात फसवं प्रकरण नळीच्या अंगावरच्या एका भोकाचं, ज्यातून बोल्टसाठी वायू निघतो. ते हवं त्यापेक्षा मोठं पाडलं, की स्वस्त, अशक्त काडतुसांवरही रायफल अडखळत नाही. गिऱ्हाईक पहिल्या दिवशी खूश. पण प्रत्येक गोळीला बोल्टला जादा धक्का बसतो, पुंगळी अजून चेंबरला चिकटलेली असतानाच ओढली जाते आणि सुटे भाग लवकर झिजतात. म्हणजे दुकानात जो गुण वाटतो, तोच वापरात दोष ठरतो.

कागदावरची छिद्रं

एनसीसीत ०.२२ झाडलेल्यांना ‘ग्रुपिंग’ ठाऊक आहे: गोळ्या कुठे लागल्या त्यापेक्षा एकमेकींच्या किती जवळ लागल्या. अमेरिकेत याचं माप म्हणजे मिनिट ऑफ अँगल, १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर. ‘एक मिनिटाची रायफल’ ही तिथल्या जाहिरातींतली ठरलेली फुशारकी. ती तपासताना आधी विचारावं, गोळ्या किती झाडल्या? संख्याशास्त्राच्या हिशेबाने ३ गोळ्यांचा गट सरासरी १ इंचाचा येत असेल, तर त्याच रायफलीचा १० गोळ्यांचा गट दीड इंचाच्या थोडा वरच येतो. त्यात ३ गोळ्यांचे दहा गट झाडून सर्वांत लहान तेवढा दाखवला, तर ती रायफलीची परीक्षा राहत नाही. चांगल्या नळीची आणखी एक खूण म्हणजे तापल्यावरही गट जागा सोडत नाही. घडवताना पोलादात राहिलेला ताण नीट काढला नसेल, तर नळी तापताच किंचित वळते आणि गट सरकत जातो.

तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये २०१० साली जगज्जेती झाली, स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य आणलं. दोघंही कोल्हापूरची. त्यांच्या खेळात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. या पातळीवर आपल्या नळीला काडतुसांचा कोणता लॉट मानवतो, हे झाडून पाहूनच ठरवतात. नाव एक, कारखाना एक, तरी एका नळीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असं नाही.

शिक्का आणि तपासनीस

अमेरिकी बाजारात सगळ्यात खपणारा शब्द आहे ‘मिल-स्पेक’, म्हणजे लष्करी तपशिलाप्रमाणे. मुळात तो करारातला किमान दर्जा. त्याच्याखाली माल स्वीकारायचा नाही, इतकाच अर्थ. शिवाय लष्करी करारात तपशिलाबरोबर सरकारी तपासनीसही येतो, जो नग परत पाठवू शकतो. खुल्या बाजारात शब्द आला, तपासनीस आला नाही. ब्रिटनमध्ये तोफा-बंदुका बनवणाऱ्यांच्या लंडनमधल्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ मध्ये कायद्याने उभं राहिलं. तिथे विकायच्या प्रत्येक बंदुकीवर जादा दाबाची कसोटी झाल्याचा शिक्का लागतो. अमेरिकेत असा सरकारी शिक्का नाही, उद्योगाने स्वतःहून पाळायची मानकं आहेत. बनवणाराच तिथे परीक्षक असतो.

म्हणून तिथला जाणता गिऱ्हाईक धातूचं नाव आणि मुलाम्याचा रंग यांवर थांबत नाही. तो विचारतो, चीर-तपासणी प्रत्येक नगाची की नमुन्याची, वायूचं भोक किती व्यासाचं, गट किती गोळ्यांचा, नळी बिघडली तर बदलून देणार का. ज्या कारखान्याने खरोखर तपासलेलं असतं त्याला या प्रश्नांची उत्तरं आकड्यांत देता येतात. ज्याने तपासलेलं नसतं, तो पुन्हा ‘मिल-स्पेक’च म्हणतो.