पाणी मुरतंय कुठे?

ऐन एप्रिल. दोन वर्षांपूर्वी ताबा मिळालेल्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये वॉर्डरोबमागची भिंत फुगली आहे, रंगाचे पोपडे सुटले आहेत. भिंतीपलीकडे शॉवर आहे. खालच्या मजल्यावरच्यांच्या छतावर पांढरट नक्षी उमटली आहे आणि त्यांची तक्रार सोसायटीच्या कार्यालयात पोहोचली आहे. बिल्डरच्या साइट इंजिनीअरची उत्तरे ठरलेली असतात. ‘पावसाची ओल आहे, सुकेल’, ‘नवीन बांधकामात असे होतेच’ आणि शेवटी, ‘टाइल्सचे जॉइंट भरून देतो.’ पांढऱ्या सिमेंटचा डबा घेऊन एक माणूस येतो, जॉइंट भरून जातो. महिनाभर बरे वाटते, मग ओल पुन्हा हजर.

हे भांडण बहुधा चढ्या आवाजात होते आणि म्हणूनच लांबते. पाणी मात्र भौतिकशास्त्राचे नियम सोडून वागत नाही. कुठून शिरले, कुठे साचले आणि कुठे बाहेर पडले याच्या खुणा ते मागे ठेवते. त्या वाचता आल्या, तर बिल्डरसमोर नुसते गाऱ्हाणे न मांडता पुरावा ठेवता येतो.

टाइल पाणी अडवत नाही

चकचकीत टाइल लावली की बाथरूम जलरोधक झाली, हा मोठा गैरसमज आहे. टाइलमधून पाणी जवळजवळ जात नाही, पण दोन टाइलमधल्या सिमेंटच्या जॉइंटमधून ते रोज थोडे थोडे झिरपते. हे बांधकामशास्त्राला मान्यच आहे. म्हणून खरा बंदोबस्त टाइलच्या खाली असतो. बाथरूमचा स्लॅब आसपासच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेला असतो. या ‘सन्क’मध्ये आधी वॉटरप्रूफिंगचा थर, मग पाइप, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा किंवा हलके भरण आणि सर्वांत वर टाइल, अशी रचना असते. खालचा थर सलग असेल, तर झिरपलेले पाणी उताराने नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडाकडे, जाते. तो कुठे तुटला असेल, तर पाणी सन्कमध्ये साचते आणि हळूहळू स्लॅबमध्ये उतरते.

कोबा हे पाणी धरून ठेवतो. भाजक्या विटेने 24 तासांत स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी शोषणे भारतीय मानकालाही चालते. त्यामुळे बाथरूम कुलूपबंद ठेवली तरी खालच्या छतातून कित्येक दिवस थेंब पडत राहतात. ‘आम्ही तर आठवडाभर गावाला होतो, मग गळती आमची कशी?’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा या कोब्यात दडलेले असते.

एका बादलीचा फरक

मग स्लॅबच पाणी का अडवत नाही? काँक्रीट दिसते दगडासारखे, पण त्यात सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांची संख्या ठरते ती कालवताना घातलेल्या पाण्यावर. सिमेंटला रासायनिक प्रक्रियेसाठी लागते त्याहून जास्त पाणी घातले, तर ते पुढे उडून जाते आणि त्याची जागा पोकळ राहते. टी. सी. पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 1959 मध्ये दाखवून दिले, की पाणी आणि सिमेंट यांचे वजनी प्रमाण 0.45 असेल, तर ओल्या ठेवलेल्या सिमेंटमधली छिद्रांची साखळी साधारण सात दिवसांत तुटते. 0.7 असेल तर त्याला वर्ष लागते आणि त्याहून जास्त असेल तर ती कधीच तुटत नाही. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला 0.45 म्हणजे साडेबावीस लिटर पाणी, तर 0.7 म्हणजे 35 लिटर. फरक जेमतेम एका बादलीचा. माल पसरायला सोपा जावा म्हणून साइटवर ही बादली सहज ओतली जाते.

या छिद्रांतून पाणी खालीच नव्हे, तर वर आणि आडवेही चालते. ही केशाकर्षणाची करामत आहे. नळी जितकी बारीक, तितके पाणी वर चढते. एक मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत ते सुमारे दीड सेंटिमीटर चढेल, 0.1 मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत 15 सेंटिमीटर. भिंतीतली छिद्रे वेडीवाकडी असतात आणि पृष्ठभागावरून बाष्पीभवन चालू असते, त्यामुळे प्रत्यक्षात पाणी हिशेबापेक्षा कमी चढते. तरीही बाथरूमच्या फरशीत साचलेले पाणी शेजारच्या खोलीत स्कर्टिंगच्या वर फूटभर ओल दाखवते ते याच बळावर.

तीन कच्चे दुवे

वॉटरप्रूफिंग सहसा मैदानात फुटत नाही, सांध्यात फुटते. पहिला सांधा नहाणी ट्रॅपचा. पीव्हीसी तापमानाबरोबर काँक्रीटच्या पाच ते सातपट प्रसरण पावते आणि त्याच्या गुळगुळीत अंगाला सिमेंट नीट धरत नाही. गीझरचे गरम पाणी आणि नंतर थंड पाणी, असे रोज झाले की ट्रॅपभोवती केसाएवढी फट पडते. दुसरा सांधा फरशी आणि भिंत यांच्या कोपऱ्याचा. तिथे काटकोन न ठेवता गोलसर वाटा काढून, त्यावरून थर भिंतीवर किमान फूटभर चढवायला हवा, शॉवरच्या भिंतीवर तर शॉवरच्या उंचीपर्यंत. तिसरा सांधा डायव्हर्टरचा, म्हणजे नळ आणि शॉवर यांच्यात पाणी वळवणाऱ्या भिंतीतल्या व्हॉल्व्हचा. त्यासाठी भिंतीत पाडलेले भोक चकचकीत झाकणामागे उघडेच राहते आणि शॉवरचे पाणी थेट आत जाते. पुष्कळदा वॉटरप्रूफिंग झाल्यावर प्लंबर येतो, पाइपसाठी छिन्नी चालवतो आणि केलेला थर स्वतःच फोडून जातो.

छतावरची पांढरी नक्षी म्हणजे पाणी स्लॅबमधून आरपार आल्याची पावती. सिमेंटमधला चुना पाण्यात विरघळतो, बाहेर येताच हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. हा क्षार खरवडून रंग देणे म्हणजे पुरावा पुसणे. धोका त्याच्याही पुढचा आहे. चुना घटला, काँक्रीटची अल्कता उतरली की आतल्या सळया गंजू लागतात. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो आणि स्लॅबचे पापुद्रे आतून ढकलून पाडतो.

माग कसा काढावा?

गळतीचे चार संशयित असतात आणि त्यांना एकेक करून तपासावे लागते. बाथरूमचा वापर थांबवून पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह उघडा ठेवा. दिवस गेले तरी थेंबांचा वेग जराही कमी होत नसेल, तर दाबाखालची नळवाहिनी फुटली असण्याची शक्यता मोठी. वेग हळूहळू मंदावला, तर ते साठलेले पाणी आहे. मग फरशी न भिजवता पाइपने पाणी सरळ नहाणी ट्रॅपमध्ये सोडा. गळती वाढली तर ड्रेनेजचा सांधा दोषी. त्यानंतर ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करून फरशीवर दोन इंच पाणी 48 तास साठवा, पेन्सिलने पातळीची खूण करा. काही मिलिमीटर घट बाष्पीभवनाची. त्याहून जास्त घट आणि खाली ओल, म्हणजे फरशीखालचा थर तुटला आहे. हे सगळे निर्दोष निघाले, तर शॉवर भिंतीवर रोखून अर्धा तास चालवा. ओल वाढली तर दोष भिंतीचा किंवा डायव्हर्टरचा. दोन चाचण्यांच्या मध्ये कोब्याला रिकामे व्हायला पुरेसे दिवस द्या, नाहीतर आधीच्या चाचणीचे पाणी पुढच्या चाचणीच्या माथी बसेल. पाण्यात खाद्यरंग मिसळला, तर खालच्या छतावर उमटलेला रंग वादच संपवतो.

मागायचे काय?

स्थावर संपदा (रेरा) कायद्याच्या कलम 14(3)नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या कामातला किंवा दर्जातला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा आहे. तसे केले नाही तर ग्राहकाला भरपाई मागता येते आणि त्यासाठी महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. सदोष वॉटरप्रूफिंग हा कामातला दोष आहे. म्हणून साइट इंजिनीअरशी फोनवर बोलून थांबू नका. ईमेल आणि नोंदणीकृत पत्र पाठवा. सोबत तारखेसह फोटो, चाचणीचे व्हिडिओ आणि शक्य असल्यास स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी अभिप्राय जोडा. त्याआधी स्वतःच्या खर्चाने फरशी फोडू नका किंवा फिटिंग बदलू नका. ‘ग्राहकाने फेरफार केला’ हा बिल्डरचा आवडता बचाव आहे आणि अनेक करारांत त्याला आधार देणारे कलमही असते.

दुरुस्तीत जॉइंट भरून घेऊन गप्प बसू नका. दोष नेमका कुठे आहे ते लेखी मागा. थर तुटला असेल, तर फरशी काढून नवा थर, त्यावर टाइल बसवण्याआधी तुमच्या डोळ्यांसमोर पाणी साठवून चाचणी आणि मगच टाइल, हा क्रम सोडू देऊ नका. आणि ताब्याला चार वर्षे होऊन गेली असतील, तर येत्या रविवारीच नहाणी ट्रॅपला बूच लावा. मुदत संपल्यावर दिसलेली ओल तुमच्याच खर्चाने सुकवावी लागते.