घर शाबूत, उतारा गायब!

ठाण्याहून वाशीकडे निघालेल्या गाडीचे पहिलेच स्टेशन दिघा गाव. जानेवारी २०२४ मध्ये ते सुरू झाले आणि आमच्या ताईचे बिऱ्हाड एकदम हाकेच्या अंतरावर आले. म्हणून तर वसुबारसेच्या आदल्या दिवशी भाच्याचा फोन आला, "मामा, असाल तसे या!" तेव्हा मी चपला अडकवून निघालो. वाटले, घरात कोणी आजारी आहे. पाहतो तर आजारी होता तो कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढे चिरंजीव कपाळाला हात लावून बसलेले.

प्रकार असा झाला. भाच्याचे हे जुने यंत्र लिनक्सवर चालते. दिवाळीची साफसफाई म्हणून त्याने एक पेनड्राइव्ह पुसायला घेतला. लिनक्समध्ये पहिल्या डिस्कला 'एसडीए' म्हणतात, दुसरीला 'एसडीबी'. एका अक्षराची चूक झाली आणि पेनड्राइव्हऐवजी मोठ्या डिस्कवरचा एक विभाग, म्हणजे पार्टिशन, उडाला. एफडिस्क नावाचे हे अवजार तसे सभ्य आहे. 'डब्ल्यू' हे अक्षर दिल्याशिवाय ते डिस्कवर काहीही लिहीत नाही. पण घाईघाईत तेही देऊन झाले होते!

"जुने फोटो असतील तर जाऊ देत," मी म्हणालो.

"फोटो नव्हेत रे," ताई म्हणाली, "आजींचे धवले आहेत त्यात."

शेजारच्या आगरी आजी गावातल्या धवलारीण. लग्न लागायचे तर धवले म्हणायला आजी हव्यातच. भाच्याने त्यांच्या ओट्यावर बसून ती गाणी फोनवर उतरवून घेतली होती. पुढे फोन बदलला, गाणी डिस्कवर आली. आजी मात्र उन्हाळ्यात गेल्या. तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या नातीचे लग्न होते, आणि सूनबाई गाणी मागून गेल्या होत्या. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आता हा विभाग 'उडाला' म्हणजे नेमके काय झाले? जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला कप्पा ५१२ बाइटांचा असतो. त्यातल्या अवघ्या ६४ बाइटांत, प्रत्येकी १६ बाइटांच्या चार ओळींत, कोणता विभाग कुठे सुरू होतो आणि केवढा आहे एवढेच लिहिलेले असते. भाच्याने पुसली ती त्यातली एक ओळ. गाणी होती तिथेच होती.

हे मी समजावू लागलो तर ताईने मध्येच अडवले. "म्हणजे घर उभे आहे, पण कागदावर नाही. मग दिघ्यात राहून हे मला तू सांगणार?" खरेच आहे. २०१५ साली उच्च न्यायालयाने इथल्या जवळजवळ १०० बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश दिले, तेव्हापासून जागेची नोंद, नकाशा, उतारा हे शब्द इथल्या बायकांना तांदळाच्या भावाइतके पाठ आहेत.

पहिली चूक होऊन गेली होती. दुसरी मात्र भाच्याने घाबरून केली. त्याने यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. तसे केले नसते तर काम सोपे होते. पुसलेला विभाग वापरात असला तर लिनक्सच्या स्मरणात जुना तक्ता राहतो. त्यातून सुरुवात आणि लांबी टिपून घेतली की ती ओळ पुन्हा लिहिता येते. यंत्र बंद केले की ते स्मरण गेले. मात्र तिसरी चूक, म्हणजे मोकळ्या दिसणाऱ्या जागेवर नवा विभाग आखून 'फॉरमॅट' करणे, त्याने केली नव्हती. ते झाले असते तर मी परतीची गाडी धरली असती. हल्लीच्या एसएसडी डिस्कांवर तर फॉरमॅट करताना जुनी जागा बहुधा खरोखरीच सोडून दिली जाते.

नव्या यंत्रांत तक्त्याच्या दोन प्रती असतात, एक डिस्कच्या आरंभी आणि एक शेवटी. पण एफडिस्क दोन्ही प्रती बदलून ठेवतो, तेव्हा स्वतःच्या हाताने पुसलेल्याला तीही मदत नाही!

आम्ही दुसऱ्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केले, म्हणजे डिस्कवर काही लिहिले जायला नको. शेजारून मोठी डिस्क उसनी आणली आणि आधी सगळ्याची हुबेहूब नक्कल काढली. त्यातच रात्र गेली. मग टेस्टडिस्क काढला. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाने लिहिलेले हे अवजार फुकट मिळते. लिनक्सचा विभाग आपली खूण स्वतःच बाळगतो: बहुधा आरंभापासून १०२४ बाइटांवर 'सुपरब्लॉक' असतो आणि त्याच्या प्रती आत ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात. टेस्टडिस्क अख्खी डिस्क चाळून या खुणा हुडकतो.

शोध चालू असताना भाच्याचा चेहरा पाहवेना. त्याला लिनक्सच्या जनकाची गोष्ट सांगितली. १९९१ च्या अखेरीस हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्सने मोडेमला द्यायचा हुकूम चुकून डिस्कलाच दिला आणि आपला मिनिक्सचा विभाग उद्ध्वस्त केला. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी तो स्वतःच्या लिनक्सवरच राहिला. भाचा म्हणाला, "मामा, त्याच्या डिस्कवर आजी नव्हत्या."

पडद्यावर एकाऐवजी दोन विभाग आले. यंत्रात पूर्वी विंडोज होते, त्याचे भूत अजून तिथेच. एकाच जागेवर दोघांचा दावा! नावावरून काही ठरेना. तेव्हा 'पी' दाबून एकेकाच्या आतली यादी पाहिली. पहिल्याची यादी उघडेचना. दुसऱ्यात 'धवले' नावाचा फोल्डर दिसला आणि ताईने देवापुढे साखर ठेवली. तो विभाग निवडून तक्ता लिहिला, यंत्र पुन्हा चालू केले, काहीही न बदलता नुसती तपासणी केली, आणि सर्वांत आधी गाणी दुसरीकडे उतरवली.

सकाळी सूनबाई आल्या. आजींच्या आवाजाआधी कोंबडा आरवला, मग भांडे पडले, मग आजी कोणावर तरी रागावल्या, आणि मग धवला सुरू झाला. भाचा म्हणाला, "वहिनी, हे आधीचे कापून देतो." सूनबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "नको, ते रागावणे माझ्यावरच आहे."

दुपारी भाच्याने डिस्कचा तक्ता कागदावर छापून आणला. ताईने तो घराच्या कागदपत्रांच्या फायलीत, भाडेकराराच्या खाली लावून टाकला.