पानांखालचा पाऊस

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. कामगारांच्या सभा आणि वाटाघाटी यांतच आमची वर्षे गेली. उरलेले शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु कोणताही जमाखर्च पुढे आला की भरणा कोण करतो आणि देणे खरोखर कोणाचे, हे पाहण्याची सवय त्या कामाने लावली. आज त्याच सवयीने पावसाचा एक हिशेब तपासू.

पावसात सापडलो की आपण झाडाखाली उभे राहतो. अंगावर ठिबकते ते आभाळाचेच पाणी, अशी आपली समजूत असते. एक बाटली नरसाळे लावून मोकळ्यावर ठेवावी, दुसरी दाट झाडाखाली. मग दोन्हींतले सारखेच पाणी वेगवेगळ्या ताटल्यांत आटवावे. झाडाखालच्या पाण्याचा डाग अधिक ठळक उमटतो.

हे का होते? एक तर कोरड्या दिवसांत पानांवर बसलेली धूळ व क्षार पाऊस धुऊन नेतो. दुसरे, काही पाणी पानांवरूनच वाफ होऊन जाते आणि उरलेले दाट होते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे : पान स्वतः देवघेव करते. पालाश पानाच्या रसात मोकळाच विरघळलेला असतो, म्हणून तो सर्वांत आधी पाझरतो. उलट पावसातला काही नत्र पाने आणि त्यांवरील सूक्ष्मजीव शोषून घेतात. पाझरलेले द्रव्य जमिनीत जाते, मुळे ते पुन्हा वर ओढतात. असे हे भांडवल घरातल्या घरात फिरत असते.

आता या हिशेबात तिसरा माणूस शिरला तर? अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रूक नावाचे प्रायोगिक अरण्य आहे. पावसाने काय आणले आणि ओढ्याने काय नेले, याची मोजदाद जीन लायकेन्स, हर्बर्ट बोरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे १९६३ साली सुरू केली. वस्तीपासून दूरच्या त्या रानातला पाऊसही आम्ल निघाला. आम्ल आले होते दूरवरच्या वीजकेंद्रांच्या व कारखान्यांच्या धुरातून. पाने त्यातले बरेचसे आम्ल स्वतःकडे घेत आणि बदल्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व पालाश देत. म्हणून पानांखालचा पाऊस सौम्य होई.

पण हे औदार्य फुकटचे नव्हते. पानाने दिलेले कॅल्शियम मुळांना मातीतूनच भरून काढावे लागे, आणि तेच आम्ल मातीतले कॅल्शियम ओढ्यावाटे वाहून नेत होते. हजारो वर्षांची शिल्लक काही दशकांत घटली. साखरेचे मेपल वृक्ष अशक्त झाले. १९९९ साली सुमारे १२ हेक्टर रानावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियमयुक्त खनिज टाकले, तेव्हा तेथील मेपल सावरले. दुखणे कशाचे होते, ते त्यावरून स्पष्ट झाले.

१९७० आणि १९९० च्या अमेरिकी कायद्यांनी धूर आवरला, पाऊस बराच निवळला. मातीची शिल्लक मात्र त्या वेगाने परतली नाही.

आम्हांस यात एक ओळखीची गोष्ट दिसते. धूर सोडणाऱ्याच्या वहीत हा खर्च कधी मांडलाच गेला नव्हता. तो झाड मुकाट्याने भरत होते. कामगार निदान सभा तरी भरवू शकतो. झाडाच्या वतीने वही उघडायची, तर ती आपणांसच उघडली पाहिजे.