कोंबड्यांचे जंत व खुराड्यांतील किडे

आपल्याकडील पुष्कळ घरांच्या परसांत पांचसात कोंबड्या असतात. त्यांचा वेगळा जमाखर्च कोणी लिहून ठेवीत नाहीं. परंतु मुलांच्या वह्या, बसचें भाडें, आजारी माणसाच्या ताटांतील एखादें अंडें, असे कितीतरी खर्च त्यांच्यावर निघतात. कित्येक घरांत तर आईच्या हातीं येणारा तिचा स्वतःचा असा पैसा तेवढाच असतो. म्हणून कोंबडीचें आरोग्य हा विषय कोणी क्षुद्र समजूं नये.

मानमोडी रोग आला म्हणजे दोनचार दिवसांत खुराडें रिकामें होतें, सर्व आळी जागी होते आणि लस टोचण्याची धांवपळ सुरू होते. जंत व किडे यांचें नुकसान असें एकदम डोळ्यांत भरत नाहीं. कोंबडी बहुधा लगेच मरत नाहीं, ती अंडीं कमी घालते, पिलें वाढत नाहींत, आणि घरांतील माणसें म्हणतात, "कोंबडी आतां म्हातारी झाली." वस्तुतः पुष्कळदां ती म्हातारी झालेली नसते, तिचें अन्न व तिचें रक्त यांवर दुसरेच कोणी जगत असतात. हे दुसरे कोण, ते कोठें राहतात आणि त्यांना घालवावें कसें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आरंभींच एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ह्या शत्रूंचा कांहीं भागच कोंबडीच्या पोटांत किंवा अंगावर असतो. बाकीचें सैन्य शिटेंत, ओल्या मातींत आणि खुराड्याच्या फटींत दडलेलें असतें. यासाठीं कोंबडीला औषध पाजून खुराडें मात्र जसेंच्या तसें ठेवणें म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतणें होय.

प्रथम जंतांकडे वळूं. जंत मुख्यत्वें दोन प्रकारचे असतात. गोल व चपटे. गोल जंतांपैकीं मोठ्या जंताला शास्त्रीय भाषेंत आस्कॅरिडिया गॅली म्हणतात. श्रांक नांवाच्या शास्त्रज्ञानें इ. स. १७८८ मध्यें त्याचें वर्णन केलें. तो पांढरट असून ५ पासून १२ सेंटिमीटरपर्यंत लांब असतो व कोंबडीच्या लहान आंतड्यांत राहतो. त्याचीं डोळ्यांना न दिसणारीं अंडीं शिटेबरोबर बाहेर पडतात. ऊब व ओल मिळाली म्हणजे दोनतीन आठवड्यांत तीं रोग देण्यास समर्थ होतात. माती उकरून दाणा टिपणारी कोंबडी दाण्याबरोबर तीं गिळते, आणि पुढें पांच ते आठ आठवड्यांत तिच्या पोटांत नवे जंत पूर्ण वाढून पुन्हां अंडीं घालूं लागतात. हें चक्र पावसाळ्यांत जोरानें फिरतें, कारण ह्या अंड्यांना ओल व सावली मानवते. कडक ऊन व कोरडेपणा मानवत नाहीं. तीन महिन्यांच्या आंतील पिलांना या जंतांचा त्रास सर्वांत अधिक होतो. जंत फार झाले तर त्यांचा गोळा होऊन आंतडेंच बंद पडतें व पिलूं दगावतें.

चपट्या जंतांची रीत निराळी आहे. त्यांचीं अंडीं कोंबडीनें सरळ गिळून कांहीं होत नाहीं. तीं आधीं मुंगी, भुंगेरा किंवा माशी यांच्या पोटांत जावीं लागतात आणि तो कीटक कोंबडीनें टिपला म्हणजे मग जंत तिच्या पोटांत रुजतो. अशा कोंबडीच्या ताज्या शिटेंत तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे दिसतात. म्हणून उकिरडा खुराड्याला लागून असणें चांगलें नाहीं. माशा तेथेंच माजतात.

जंत झाल्याचीं लक्षणें अशीं: कोंबडी खाते पुष्कळ, पण छातीचें हाड हाताला टोंचूं लागतें; तुरा फिका पडतो; पंख लोंबतात; शीट पातळ होते; अंडीं कमी होतात. परंतु हीं लक्षणें इतर रोगांतही दिसतात. यासाठीं खात्री करून घेण्याचा मार्ग म्हणजे ताजी शीट एका स्वच्छ डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेणें. तेथें ती मिठाच्या दाट पाण्यांत कालवतात. हें पाणी साध्या पाण्याहून जड असल्यामुळें जंतांचीं अंडीं वर तरंगतात व सूक्ष्मदर्शकाखालीं दिसतात. ताज्या पाण्यांत बुडणारें कोंबडीचें अंडें खाऱ्या पाण्यांत तरंगतें, हा प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनीं वर्गांत केलेलाच आहे, तत्त्व तेंच.

आतां औषधाविषयीं. पिपेराझिन हें औषध मोठ्या गोल जंतांवर चांगलें चालतें, पण चपट्या जंतांवर त्याचा उपयोग नाहीं. अल्बेंडॅझोल, फेनबेंडॅझोल, लेव्हामिसोल हीं औषधेंही प्रसंगानुसार देतात. कोणतें द्यावें हें जंताच्या जातीवर व किती द्यावें हें कोंबडीच्या वजनावर ठरतें. म्हणून तें पशुवैद्यांस विचारावें. आम्ही येथें तीनच नियम सांगतों. पहिला, कोंबडी तोलून मगच मात्रा ठरवावी. अंदाजानें दिलेल्या कमी मात्रेनें दुबळे जंत मरतात, चिवट तेवढे उरतात व पुढें औषधाला दाद देत नाहींत. दुसरा, एकदां औषध देऊन थांबूं नये. पोटांत वाढत असलेले लहान जंत व मातींतील अंडीं शिल्लक असतात, यासाठीं पशुवैद्य सांगतील त्या दिवशीं दुसरी मात्रा द्यावी. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. औषधाचा अंश अंड्यांत उतरूं शकतो. तीं अंडीं किती दिवस खाऊं नयेत हें वेष्टनावर पाहावें किंवा विचारून घ्यावें, आणि तेवढे दिवस तीं विकूंही नयेत. आपल्या मुलाला जें देणार नाहीं, तें शेजाऱ्याच्या मुलाला देण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

या ठिकाणीं आयव्हरमेक्टिन ह्या औषधाचा उल्लेख करणें जरूर आहे. जपानांतील मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्म जंतूपासून त्याचा शोध लागला व त्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांस इ. स. २०१५ मध्यें नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. औषध मोठें गुणाचें आहे. परंतु गाईम्हशींसाठीं आणलेल्या बाटलींतील चार थेंब अंडीं घालणाऱ्या कोंबडीला परस्पर देणें योग्य नव्हे. अंड्याच्या बलकांत त्याचा अंश उतरतो.

आतां बाहेरच्या शत्रूंकडे येऊं. माइट नांवाचे अतिसूक्ष्म जीव कोळी व गोचीड यांच्या कुळांतले असून पूर्ण वाढ झालेल्या माइटला आठ पाय असतात. त्यांपैकीं तांबडा माइट लांबीला सुमारें एक मिलिमीटर असतो. तो चोरासारखा वागतो. दिवसा खुराड्याच्या फटींत, दांडीच्या सांध्यांत लपतो व रात्रीं कोंबडीवर चढून रक्त पितो. म्हणून दिवसा कोंबडी कितीही निरखून पाहिली तरी तो बहुधा सांपडत नाहीं. उबेच्या दिवसांत त्याची एक पिढी आठदहा दिवसांत पुरी होते, आणि रिकाम्या खुराड्यांत तो उपाशीपोटीं कित्येक महिने टिकूं शकतो. उष्ण प्रदेशांत आढळणारी दुसरी एक जात कोंबडीच्या अंगावर व घरट्यांत राहते. तिच्यामुळें शेपटीखालचीं पिसें मळकट काळीं दिसतात. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी या किड्यांना आयतीच सांपडते. ती मध्येंच उठून गेली तर सर्व अंडीं वायां जातात. हे किडे माणसालाही चावतात व खाज सुटते.

आमच्या माहितीच्या एका घरीं सात कोंबड्या संध्याकाळीं खुराड्यांत शिरेनाशा झाल्या. हांकलल्या तरी पेरूच्या झाडावर जाऊन बसत. कोणी म्हणालें, मुंगुसाची भीति बसली. कोणी म्हणालें, दृष्ट लागली. आजीबाईंनीं त्या विकून टाकण्याचें ठरविलें. त्या घरची मुलगी आठव्या इयत्तेंत होती. तिनें रात्रीं विजेरी घेऊन दांडीच्या खालच्या अंगानें एक पांढरा कागद फिरविला. कागदावर तांबड्या रेघा उमटल्या. रक्त पिऊन फुगलेले माइट चिरडले गेले होते. कोंबड्या भित्र्या नव्हत्या आणि खोडकरही नव्हत्या. खुराडेंच त्यांना रात्रभर खात होतें. ही कागदाची परीक्षा प्रत्येक घरीं फुकट करतां येते.

माइट सांपडले तर पुढीलप्रमाणें करावें. खुराड्यांतील गवत, तूस व जुनें घरटें बाहेर काढून जाळून टाकावें. दांड्या व फळ्या सुट्या करून त्यांवर कढत पाणी ओतावें व त्या कडक उन्हांत वाळवाव्या. भिंतींना चुन्याचा हात द्यावा आणि फटी बुजवाव्या. दांडी जेथें टेकते त्या सांध्यांना तेल चोपडावें. पशुवैद्यांनीं किडे मारण्याची पूड किंवा फवारा सांगितला असेल तर तो सांगितलेल्या प्रमाणांतच वापरावा. हें सर्व पांचसात दिवसांच्या अंतरानें आणखी दोनदां करावें. कारण पहिल्या खेपेस वांचलेल्या अंड्यांतून नवे किडे निघतात, आणि त्यांनीं पुन्हां अंडीं घालण्यापूर्वीं त्यांना गांठलें पाहिजे. परसाच्या एका कोपऱ्यांत कोरडी माती व चुलींतील थंड राख कालवून ठेवावी. तींत लोळून कोंबडी आपलें अंग आपणच साफ करते.

तिसऱ्या जातीचा माइट पायांच्या खवल्यांखालीं शिरतो. खवले उचलले जातात, पाय जाड व खडबडीत होतात आणि शेवटीं कोंबडी लंगडते. कोमट साबणाच्या पाण्यांत पाय भिजवून मऊ कुंचल्यानें हलके धुवावे, पुसून कोरडे करावे व खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन दाट चोपडावें. दर दोनतीन दिवसांनीं असें कित्येक आठवडे करावें लागतें. खपल्या ओढून काढूं नयेत. खालून रक्त येतें.

कांहीं ठिकाणीं कोंबडीच्या अंगाला रॉकेल लावतात किंवा शेतांतील फवारणीचें औषध शिंपडतात. या दोन्ही गोष्टी सर्वथा टाळाव्या. रॉकेलनें कातडी भाजते. फवारणीच्या विषानें किड्याबरोबर कोंबडीही मरते, आणि न मेली तर तें विष अंड्यांतून घरांत येण्याची भीति असते.

विद्यार्थी मित्रांनो, हें काम तुमच्या हातून सहज होण्यासारखें आहे. आठवड्यांतून एकदां खुराडें झाडा व तूस कोरडें ठेवा. महिन्यांतून एकदां रात्रीं पांढरा कागद दांडीखालून फिरवा. एखादी कोंबडी उचलून तिचा तुरा, छाती, पाय व शेपटीखालचीं पिसें पाहा. पिलांना मोठ्या कोंबड्यांच्या जुन्या जागेंत ठेवूं नका. पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर शीट तपासून घ्या. औषधाची तारीख, मात्रा आणि रोजचीं अंडीं एका वहींत लिहून ठेवा. आणि पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, कोंबडी म्हातारी झाली असें ठरवून तिच्या मानेला हात घालण्यापूर्वीं मुलाच्या हातीं एक विजेरी व एक कोरा कागद द्यावा.