केसाळ गांडूळ नवे की जुने?

आमचे गाव खाडीच्या काठी आहे. एकदा ओहोटीला मी आईबरोबर तिसऱ्या काढायला गेलो होतो. तेव्हा चिखलात एक तांबूस गांडूळ सापडले. त्याला दोन्ही बाजूंना केस होते! मी ते डब्यात घालून शाळेत आणले आणि सगळ्यांना ओरडून सांगितले, "मला नवीन प्राणी सापडला!"

गुरुजींनी भिंग दिले व विचारले, "तो तुला नवा, की खाडीला नवा?" मला काही उत्तर देता आले नाही. मग गुरुजींनी एक खरी हकीकत सांगितली.

युरोपात बाल्टिक नावाचा समुद्र आहे. तेथे १९८५ साली एक केसाळ गांडूळ सापडले. ते पूर्वी तेथे नव्हते. जहाजे तोल राहावा म्हणून टाक्यांत समुद्राचे पाणी भरतात आणि दुसऱ्या बंदरात सोडतात. त्या पाण्यातून त्याची बारीक पिल्ले आली असावीत. शास्त्रज्ञांनी त्याला अमेरिकेकडच्या गांडुळाचे नाव दिले, मारेंझेलेरिया विरिडिस.

पण ओळखणे काही सोपे नव्हते. या गांडुळाचे अंग वलयावलयांचे असते. किती वलयांवर कल्ले आहेत आणि केसांतले बारीक आकडे कितव्या वलयापासून लागतात, हे मोजावे लागते. लहान गांडुळात ही मोजणी वेगळी येते. शिवाय चिखलातून काढताना ते मधेच तुटते. मग मोजणार काय?

पुढे शास्त्रज्ञांनी जनुकेही तपासली. तेव्हा कळले, की तेथे एक नाही, तीन जाती आहेत! त्यांतल्या एकीला २००४ साली निग्लेक्टा हे नाव मिळाले. त्याचा अर्थ दुर्लक्षित. इतकी वर्षे ती बिचारी दुसरीच्या नावाने राहत होती.

तुम्ही म्हणाल, नावात काय एवढे? पण विरिडिसला जास्त खारे पाणी मानवते, निग्लेक्टाला कमी खारे. नाव चुकले तर ती कुठून आली आणि पुढे कुठे पसरेल, हेही चुकते.

मी वहीत गांडुळाचे चित्र काढले. जागा व तारीख लिहिली. नावाची ओळ मोकळी ठेवली. मग गांडूळ परत चिखलात सोडले.

मित्रांनो, तुम्हालाही असे गांडूळ दिसले तर नुसत्या हाताने धरू नका. काहींचे केस टोचतात. आधी नीट बघा, मग नाव सांगा. मी उलटे केले होते!

(इयत्ता ४ थी)